तळ्याच्या खाली कोण राहते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



मी काही वक्ती नव्हे. मंडळात माझे काम म्हणजे भिशीचा हिशेब आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. परंतु मी मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला धरलेच. म्हणाल्या, "तिकडच्या गमतीजमती सांगा, बायकांना ऐकायला बरे वाटेल." मी यादीही केली होती. तिकडचे बाजार, तिकडची थंडी, नातीचे मराठी. परंतु लिहायला बसले आणि लक्षात आले की या सहा महिन्यांत माझ्या मनात घर करून राहिली ती यांतली एकही गोष्ट नव्हे. राहिला तो एक मातीचा बांध. तेव्हा आज मी बोलणार आहे धरणाविषयी.

आता कोणी म्हणेल, अहो, धरण हा काय वर्धापनदिनाला बोलण्याचा विषय? ते इंजिनिअरांनी बघावे. परंतु भगिनींनो, आपली ही वसाहत इथे का उभी राहिली, हे जरा आठवा. आपल्यापैकी निम्म्या घरांचे मूळ पत्ते नदीकाठच्या पेठांतले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले नसते, तर आपण एकमेकींच्या शेजारणी झालोच नसतो. तेव्हा हा विषय आपल्या घरातलाच आहे.

माझी मुलगी राहते ती पेनसिल्व्हेनिया राज्यात. तिची वसाहत एका तळ्याभोवती वसलेली आहे. दीडएकशे घरे, मध्ये निळे पाणी, काठाने झाडी, प्रत्येकाच्या दारात छोटी होडी. मी गेले तेव्हा मला वाटले, तळे देवाने दिलेले आहे. चारपाच दिवसांनी फिरता फिरता तळ्याच्या एका टोकाला गेले, तर पलीकडे जमीन एकदम खाली उतरलेली. म्हणजे ते तळे नव्हतेच. ओढ्यावर आडवा मातीचा भराव घालून अडवलेले ते पाणी होते. भरावावर माणसाच्या कमरेएवढ्या जाडीची झाडे वाढली होती आणि त्यांच्या सावलीत लोक बाके टाकून बसत होते. हे धरण सत्तर वर्षांपूर्वी जागा विकणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने बांधले. शेतीला पाणी द्यावे, वीज करावी, असा काहीही हेतू नव्हता. पाण्याकाठची जागा चांगल्या भावाने विकली जाते, एवढाच हेतू. व्यापारी जागा विकून गेला आणि धरण राहिले त्या दीडशे घरांच्या माथी. आपल्याकडे जशी सोसायटी असते, तशी त्यांची एक सभा असते. जिन्याचा दिवा गेला की आपली सोसायटी बदलते, तसे ते धरण त्या सभेने सांभाळायचे.

तिकडे अशी धरणे थोडीथोडकी नाहीत. साऱ्या देशाची धरणांची जी यादी आहे तीत नव्वद हजारांवर धरणे आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी मालकीची आहेत. पुष्कळशी केवळ होड्या फिरवायला आणि मासे धरायला बांधलेली. त्यांचे सरासरी वय आता साठी उलटून गेलेले.

मी तिथे असतानाच त्या सभेला सरकारकडून पत्र आले. जावयांनी ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले. पत्राचा मतलब असा की, तुमचे धरण आजवर कमी धोक्याच्या वर्गात होते. फेरतपासणीत ते आता मोठ्या धोक्याच्या वर्गात घातले आहे. सबब सांडवा मोठा करा, भरावावरची झाडे शास्त्रोक्त रीतीने काढा, तळाचे पाणी सोडण्याची झडप दुरुस्त करा आणि आणीबाणीची योजना लिहून ठेवा. खर्च कोणी करायचा? मालकांनी. म्हणजे घरटी एक जुनी मोटार यावी एवढी रक्कम, काही वर्षांच्या हप्त्यांनी.

जावई चांगलेच वैतागले. म्हणाले, "आई, तुम्हीच सांगा. धरण तेच, माती तीच, पाणी तेवढेच. सत्तर वर्षांत एक दगड हललेला नाही. मग गेल्या वर्षी कमी धोक्याचे आणि यंदा एकदम मोठ्या धोक्याचे, हे कसे?"

प्रश्न मलाही बरोबर वाटला. मुलगी त्या सभेच्या समितीवर होती, तिने घरी आणलेले कागद आम्ही दोघींनी चारपाच रात्री वाचले. त्यातून मला जे कळले ते मी आपल्याला आपल्या भाषेत सांगते.

समजा, स्वयंपाकघरात उंच फळीवर तेलाचा पंधरा किलोचा डबा ठेवलेला आहे. फळीखाली मोकळी जमीन आहे. डबा पडला तर तेल जाईल, फरशी खराब होईल, तुम्ही हळहळाल आणि पुसून घ्याल. आता सून बाळंतपणाहून आली आणि कोणी त्याच फळीखाली पाळणा बांधला. डबा तोच, फळी तीच, खिळेही तेच. परंतु तुम्ही तो डबा तिथे राहू द्याल का? तिकडे धरणाचा धोक्याचा वर्ग ठरवतात तो असा. डबा पडेल की नाही, हे त्यात बघत नाहीत. पडलाच तर खाली कोण आहे, हे बघतात.

वर्ग मुख्यतः तीन. धरण फुटले आणि नुकसान बहुतांशी मालकाच्याच जमिनीपुरते राहिले, तर कमी धोक्याचा. माणूस मरण्याचा संभव नाही, परंतु रस्ते, पूल, तारा, इतरांची मालमत्ता यांची खराबी होईल, तर मधला. आणि खाली माणूस मरण्याचा संभव असेल, मग तो एकच माणूस का असेना, तर मोठ्या धोक्याचा. पन्नास माणसे मेली म्हणजे मोठा धोका आणि एक मेला म्हणजे मधला, अशी उतरंड नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

यातली मेख अशी की, वर्ग आणि प्रकृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोठ्या धोक्याचे धरण अगदी ठणठणीत असू शकते आणि कमी धोक्याचे धरण पार खिळखिळे असू शकते. खिळे गंजलेत का, हा एक प्रश्न. खाली पाळणा आहे का, हा दुसरा. जिथे दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'हो' येते, तिथे मात्र झोप उडाली पाहिजे.

मुलीच्या धरणाचे असेच झाले होते. बांधले तेव्हा खाली गवताचे कुरण होते. पुढे कुरणाचे मालक वारले, मुलांनी जमीन विकली, रस्ता झाला, रस्त्याकडेने घरे झाली. धरण जागचे हलले नाही, परंतु धोका हळूहळू वाढत गेला आणि वर राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही, कारण वरून खालचे दिसतच नाही. मध्ये झाडी आहे.

मी मुलीला विचारले, "खाली राहते कोण?" तिला सांगता येईना. बारा वर्षे ती तिथे राहते! मग एका सकाळी मी, ती आणि नात, अशा तिघी भरावाच्या पायथ्याने ओढ्याकाठी चालत गेलो. अकरा घरे मोजली. एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात लहान मुलांचे पाळणाघर होते. शेवटच्या घराच्या परसात माझ्याच वयाची एक बाई टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होती. मुलीने तिच्याशी बोलणे काढले. बाईने आम्हाला बसवले, नातीला बिस्किटे दिली. तळ्याचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "कुठले तळे?"

भगिनींनो, तो प्रश्न ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण तोच प्रश्न १९६१ साली आमच्या घरात विचारला गेला होता.

मी तेव्हा तिसरीत होते. आमचे बिऱ्हाड नदीपासून दोन गल्ल्या आत, वाड्याच्या तळमजल्यावर. त्या दिवशी पाऊस होता. सकाळी शाळेत गेलो आणि थोड्याच वेळात परत पाठवले. गल्लीत लोक सांगत होते, पानशेत फुटले. माझी आजी म्हणाली, "पानशेत म्हणजे काय?" तिला मुठा ठाऊक होती, खडकवासला ठाऊक होते. वर आंबी नदीवर मातीचे एक नवे धरण बांधून होत आले आहे, पाणी सोडण्याच्या मोरीचे काम पुरे होण्याआधीच त्यात पावसाळ्याचे पाणी साठले आहे, आदल्या रात्री तिथे जवान वाळूची पोती रचत होते, यातले काहीही आमच्या वाड्यात कोणाला ठाऊक नव्हते. कोणी म्हणत, अफवा आहे. कोणी म्हणत, पाणी आले तर घाटाच्या चार पायऱ्या चढेल. आई भाताला आधण ठेवत होती.

पाणी आले ते नदीकडून आले नाही, आधी गटारातून वर आले. मग अंगणात. वडिलांनी आजीला पाठुंगळी घेतले आणि आम्ही पर्वतीच्या बाजूला निघालो. आई मागे राहिली, शिवणाचे यंत्र माळ्यावर चढवायला. तिच्या शिवणावर आमच्या शाळेच्या फिया निघत. शेजारच्या काकूंनी तिचा हात धरून तिला ओढत बाहेर काढले, म्हणून मला आई राहिली. सकाळी पानशेत गेले, दुपारी खालचे खडकवासल्याचे दगडी धरणही गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा वाड्याच्या जागी मातीचा ढीग होता. माळाही नव्हता आणि यंत्रही नव्हते. नदीला महापूर येऊन गेलेला आणि गावात प्यायला पाणी नाही, ही गंमत आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांना आठवत असेल.

इतकी वर्षे मी म्हणत आले, आमचे घर पुराने नेले. अमेरिकेत त्या बाईच्या परसात बसून मला पहिल्यांदा कळले की आमचे खरे दुर्दैव वेगळेच होते. आम्ही धरणाखाली राहत होतो हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मुलगी मला जॉन्सटाऊनला घेऊन गेली. तिच्या गावापासून दोन तासांची वाट. अशा खासगी करमणुकीच्या धरणांची कहाणी जिथून सुरू होते, ती ही जागा. ती कहाणी थोडक्यात सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

साऊथ फोर्क नावाचे हे धरण सरकारने कालव्यासाठी बांधले. १८५३ साली पुरे झाले. ७२ फूट उंच, ९३१ फूट लांब, मातीचे. तेवढ्यात आगगाडी आली आणि कालव्याची गरजच संपली. धरण विकले गेले. पुढे एका मालकाने तळाशी असलेले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांनी ते घेतले आणि तिथे मासेमारीचा व शिकारीचा क्लब काढला. पोलादवाले कार्नेगी, फ्रिक, पेढीवाले मेलन, अशी मंडळी सभासद. तळे दोन मैल लांब. त्यांनी काय केले? धरणाच्या माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा छाटून रुंद केला. विकत आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या. काढलेले नळ परत बसवले नाहीत. मध्यभागी माथा जरा खचलेला होता, तोही तसाच ठेवला.

आता बघा, यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु मातीच्या धरणाचा पहिला नियम असा की, पाणी माथ्यावरून कधी जाऊ द्यायचे नाही. दगडी धरणावरून पाणी गेले तर बहुधा निभावते. मातीच्या धरणावरून गेले की ते पाठीमागची माती कापत सुटते आणि मग काही तासांचा खेळ उरतो. म्हणून सांडवा. जाळीत फांद्या अडकल्या, सांडवा तुंबला, माथा खचलेला आणि पाणी कमी करायला खाली नळ नाही, म्हणजे चारही दारे बंद.

खाली चौदा मैलांवर जॉन्सटाऊन हे गिरणीकामगारांचे गाव. तिथल्या लोखंडाच्या कारखान्याच्या प्रमुखांनी, डॅनियल मॉरेल यांनी, १८८० साली आपला माणूस धाडून धरण तपासवले. त्याने दोन दोष लिहून दिले : पाणी सोडायला नळ नाही आणि जुनी फूट नीट दुरुस्त केलेली नाही. मॉरेल यांनी खर्चाचा वाटा उचलण्याचीही तयारी दाखवली. क्लबाने उत्तर धाडले की, आमच्यापासून तुम्हाला काही धोका नाही. पुढे मॉरेल वारले आणि विषय मागे पडला. दर पावसाळ्यात गावात बोलत, आज धरण फुटणार! आणि ते फुटत नसे. होता होता ती थट्टाच होऊन बसली.

३१ मे १८८९ रोजी दुपारी तीनच्या सुमारास ते खरेच फुटले. सकाळपासून क्लबाची माणसे माथ्यावर माती टाकत होती, जाळ्या उपटू पाहत होती. खाली तारा धाडल्या होत्या, त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. सुमारे तासाभरात पाणी गावात शिरले. २,२०९ माणसे गेली. ९९ कुटुंबांत पाणी द्यायला कोणी उरले नाही. साडेसातशेंवर प्रेतांची ओळखही पटली नाही. त्यांच्या नाव नसलेल्या दगडांच्या रांगा तिथल्या दफनभूमीत मी पाहिल्या.

बायकांच्या मंडळात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्या वेळी अमेरिकेतल्या रेड क्रॉसच्या प्रमुख क्लारा बार्टन होत्या, वय सदुसष्ट. त्या पाचव्या दिवशी तिथे पोचल्या आणि सुमारे पाच महिने राहिल्या. नुसते कपडे वाटले नाहीत, तर घरे गेलेल्यांसाठी निवारे उभे केले. आणि क्लबावर खटले झाले त्यांचे काय? कोणालाही दमडी मिळाली नाही. देवाची करणी, असे ठरले. धरणाचे तुकडे दोन्ही टेकड्यांना अजून चिकटलेले आहेत. मधल्या खिंडारातून आगगाडी जाते. नात मला म्हणाली, "आजी, देवाने जाळ्या बसवल्या होत्या का?" मी काय उत्तर देणार?

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट. परंतु ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे केली बार्न्स नावाचे एक लहानसे मातीचे धरण फुटले. पूर्वी त्यावर वीज होत असे, १९५७ पासून नुसते शोभेचे तळे. खाली एका महाविद्यालयाची वस्ती होती. ३९ माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. धरण तपासणीचा कायदा १९७२ साली झालेला होता, परंतु खासगी धरणांची तपासणी रेंगाळली होती. या घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ती सुरू करवली. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणे तपासून झाली आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली. आजची वर्गवारी घरोघरी जाऊन पोचली ती त्या तपासणीमुळे.

तर आता आमच्या तळ्याकडे येते. सभा झाली. मी मागच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसले होते. एक गृहस्थ म्हणाले, सत्तर वर्षे टिकले आहे, आणखी सत्तर टिकेल. टाळ्या पडल्या. मग तपासणीचे इंजिनिअर उठले. त्यांनी फार साधे सांगितले. म्हणाले, म्हातारे धरण बोलून दाखवत नाही. मातीच्या धरणातून थोडा पाझर असतोच. पायथ्याशी पाणी स्वच्छ झिरपत असेल तर त्यावर लक्ष ठेवायचे. परंतु ते गढूळ येऊ लागले, तर धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे असे समजायचे आणि त्या दिवशी सभा भरवायची नाही, खालच्या लोकांना उठवायचे. मोठे झाड उन्मळले तर मुळांबरोबर भरावाचा घास घेऊन जाते. झाड वठले तर मुळे कुजून आत नळ्या राहतात. घुशीसारखे प्राणी बिळे करतात, ती वेगळीच. भरावातून जाणारा पत्र्याचा नळ गंजला की त्याच्या भोवतालची माती आत ओढली जाते. आणि ती तळाची झडप? ती एकतीस वर्षांत कोणी फिरवून पाहिलेली नव्हती.

मग माझी मुलगी उठली. तिने आकडे सांगितले नाहीत. अकरा घरांच्या दारांचे रंग सांगितले. निळे दार, पांढरे दार, पाळणाघराचे पिवळे दार. शेवटी म्हणाली, "खालच्या एका आजींना आपले तळे आहे हेच माहीत नाही. धोका आपण निर्माण केला आहे आणि झेलायचा त्यांनी आहे. निदान त्यांना विचारू तरी या."

सभागृह शांत झाले खरे, परंतु निकाल लागला नाही. पैशाचा प्रश्न लहान नव्हता. तिथे निवृत्तिवेतनावर राहणारी म्हातारी माणसे होती. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. पुढल्या सभेला खालच्या अकरा घरांना बोलावले. टोमॅटोवाल्या बाई आल्या. त्या कोणावर रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले, "रात्री काही झाले तर मला कोण उठवणार?" दीडशे घरांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मतदान झाले. तळ्याचे पाणी पाच फुटांनी खाली आणून ठेवायचे, दुरुस्ती होईपर्यंत होड्या बंद, वर्गणी हप्त्यांनी घ्यायची, ज्यांना झेपत नाही त्यांना मुदत द्यायची, आणि खालच्या प्रत्येक घराचा दूरध्वनी कोणी फिरवायचा ते आजच ठरवायचे. धरण पाडून ओढा मोकळा करावा असेही काहींचे मत होते, त्याचा अंदाज मागवला आहे. जावयांनी कशाला मत दिले, ते मी विचारले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः होडी उचलून गॅरेजात ठेवली आणि टोमॅटोवाल्या बाईंचा क्रमांक भिंतीवर चिकटवला, तो आमच्याच घराच्या वाट्याला आला होता.

आता, भगिनींनो, आपल्याकडचे काय? महाराष्ट्रात मोठी धरणे साऱ्या देशात सर्वांत जास्त आहेत. २०२१ साली आपल्याकडे धरण सुरक्षेचा कायदा झाला, तपासणी आली, आणीबाणीची योजना आली. परंतु तो मुख्यतः पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे आणि दहा ते पंधरा मीटरपर्यंतच्यांना काही अटींवर. त्याहून लहान बांध त्यात येत नाहीत. आणि पाण्याला कायद्याची उंची कळत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले, खालची भेंदवाडी वाहून गेली. गळती असल्याचे गावकऱ्यांनी आधी सांगितले होते.

आपल्या मुलांनी शहराबाहेर 'तळ्याकाठी' म्हणून जागा घेतल्या आहेत. आपले मंडळही गेल्या वर्षी अशाच एका तळ्यावर सहलीला गेले होते. भेळ खाल्ली, होडीत बसलो, बांधावर फोटो काढले. मीही काढले. बांध कोणाचा, सांडवा कुठे, खाली कोणती वाडी, हे आपल्यापैकी एकीनेही विचारले नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. यंदाची सहल पुन्हा त्याच तळ्यावर न्यावी. तिथे चार प्रश्न विचारावेत. हा बांध कोणाच्या मालकीचा? शेवटची तपासणी कधी झाली? सांडवा मोकळा आहे का? आणि रात्री काही झाले तर खालच्या वाडीला कोण उठवणार? उत्तरे मिळाली तर छानच. नाही मिळाली, तर मंडळाच्या कागदावर तहसीलदारांना आणि पाटबंधारे खात्याला एक अर्ज लिहावा. मसुदा मी करते, सह्या तुम्ही करा. आणि भेळ खाण्यापूर्वी चारचौघींनी खालच्या वाडीत उतरून तिथल्या बायकांना भेटून यावे, त्यांना ते तळे माहीत आहे का, विचारावे.

माझी आई पुढे पुष्कळ वर्षे जगली. दुसरे शिवणाचे यंत्र तिने याच वसाहतीत हप्त्यांनी घेतले, आणि आपल्या मंडळाच्या पहिल्या शिवणवर्गाला तेच यंत्र होते. ज्या काकूंनी तिला हाताला धरून बाहेर काढले, त्यांची सूनबाई आज समोर बसली आहे. एका बाईने दुसरीला वेळेवर हाक मारली, एवढ्यावर आमचे घर उभे राहिले. ती हाक मारायला कोणीतरी असावे, एवढेच माझे मागणे आहे.